पुसलेलं वाक्य

पळवून नेलेली मुलगी इचलकरंजीबाहेरच्या एका बंद यंत्रमागाच्या शेडमध्ये जिवंत सापडली आणि ‘अंतर्लेख’ हे नाव घराघरांत पोचलं.

पकडलेला माणूस तोंड उघडत नव्हता. त्याच्या फोनमध्ये संशय घेण्यासारखं काहीच नव्हतं. तो फोन कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत मृदुला सबनीसच्या टेबलावर आला. तिने तो ‘अंतर्लेख’ या नव्या प्रणालीला जोडला आणि जेवणाच्या सुट्टीआधीच पडद्यावर एक वाक्य उमटलं : ‘पोरगी जुन्या नाक्यापलीकडच्या शेडमध्ये आहे, कुलूप मागच्या दाराला.’ त्या माणसाने हे साथीदाराला लिहायला घेतलं होतं. मग लेखी काही नको म्हणून पुसून टाकलं होतं आणि दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून बोलला होता. ते वाक्य कधी पाठवलंच गेलं नव्हतं. तरी ते फोनमध्ये होतं.

त्यामागचं विज्ञान समजायला अवघड नव्हतं. आपण फोनवर लिहायला लागलो की कळफलक पुढचा शब्द सुचवतो. त्यासाठी प्रत्येक फोनमध्ये एक छोटी भाषाप्रणाली असते, लाखो आकड्यांची बनलेली. आपण एकेक शब्द उमटवतो तसे त्यातले काही आकडे किंचित सरकतात. आपली भाषा ती अशी शिकत जाते. लिहिलेलं आपण पुसतो तेव्हा पडदा कोरा होतो, पण सरकलेले आकडे मागे येत नाहीत. माळावरून माणूस चालत गेला की गवत दबतं. माणूस निघून गेला तरी वाट दिसते, आणि तो त्याच वाटेने पुन्हा पुन्हा गेला असेल तर जास्तच स्पष्ट दिसते. ‘अंतर्लेख’ त्या आकड्यांवरून उलट दिशेने चालत मूळ वाक्यांपर्यंत पोचायचं. एकदाच लिहिलेलं वाक्य पडद्यावर फिकट दिसे, अनेकदा लिहिलेलं गडद.

खटला उभा राहिला तेव्हा आरोपीच्या वकिलाने नेमका प्रश्न विचारला. ‘शब्दाला शब्द जोडून वाक्य बनवणं हेच या प्रणालीचं काम. हे वाक्य माझ्या अशिलाचं कशावरून? यंत्राने स्वतःच रचलं नसेल कशावरून?’ न्यायाधीशांनी प्रयोगशाळेला पडताळणी करायला सांगितलं. साध्या, निरपराध माणसांचे जुने फोन घ्यायचे, त्यांतून वाक्यं काढायची आणि ती मालकाला दाखवायची. मालक ‘माझं’ म्हणाला तर यंत्र बरोबर, ‘माझं नाही’ म्हणाला तर यंत्र चूक.

प्रत्येक तपासनिसाने आपापल्या ओळखीतले स्वयंसेवक आणायचे होते. मृदुलाने रविवारी सकाळी आईवडिलांच्या घरी पोहे खाता खाता विषय काढला.

तिचे वडील प्रभाकर सबनीस मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. धरणांच्या सुरक्षेवर त्यांची व्याख्यानं होत. इंजिनिअरिंगची मुलं त्यांच्या पाया पडत. मृदुलाने विज्ञानाकडे वळावं हा त्यांचाच हट्ट होता.

‘म्हणजे लिहून पुसलेलंही दिसणार?’ त्यांनी विचारलं.

‘सगळं नाही, बाबा. जे पुन्हा पुन्हा लिहिलं असेल ते दिसतं. शिवाय यातलं काहीही कुठल्याच तपासात वापरता येत नाही. तुमचं नावही कुठे येणार नाही, फक्त क्रमांक.’

‘मग तुला दूधवाल्याच्या तक्रारीच सापडतील.’ ते हसले आणि आतून एक जुना फोन घेऊन आले. ‘घे. यातलं सगळं मी केव्हाच साफ केलंय. तुझं यंत्र काय काढतं ते बघू.’

आईने पोह्यांच्या बशा उचलल्या आणि ती आत गेली.

*

पहिल्या तासात दूधवाला खरोखरच आला. ‘आजही पाणी घातलेलं होतं.’ मग भाच्याच्या लग्नाला न गेल्याची सबब, तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेली. मग एक फिकट ओळ : ‘मृदू, होस्टेलवर जेवण बरं मिळतं का?’ हे त्यांनी तिला कधी पाठवलं नव्हतं. मृदुलाला हसू आलं आणि भरूनही आलं. बाबा फोनवर नेहमी फक्त अभ्यासाचं विचारायचे.

चहा घेऊन ती परत आली तेव्हा पडद्याच्या मध्यभागी एक ओळ आली होती. बाकी सगळं तिच्यापुढे राखाडी वाटावं इतकी ती काळी होती.

‘वाघमोडे खरं बोलतो आहे. भोंगा बंद असल्याचं त्याने मला फोनवर सांगितलं होतं.’

तिच्याखाली जराशी फिकट दुसरी ओळ होती. ‘दरवाजे उघडण्याचा आदेश मी दिला.’

मृदुलाने चहाचा कप खाली ठेवला.

बिरदेव वाघमोडे हे नाव सबनीसांच्या घरात बारा वर्षं कोणी उच्चारलं नव्हतं. त्याआधी ते रोजचं होतं. वाघमोडे कुंभारघळ धरणावर शाखा अभियंता होते आणि बाबा त्यांचे वरिष्ठ, कार्यकारी अभियंता. धरणाच्या कॉलनीत दोन्ही घरं जवळजवळ होती. मृदुलाला कालव्यात पोहायला वाघमोडेकाकांनीच शिकवलं होतं.

त्या उन्हाळ्यात धरणाला दरवाज्यांची नवी यंत्रणा बसवली होती आणि तिची चाचणी पाहायला मुंबईहून पाहुणे आले होते. खाली आंबेरी गावाजवळ नदीच्या कोरड्या पात्रात कलिंगडाच्या वाड्या होत्या. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजवून पात्र मोकळं करायचं असा नियम. त्या दिवशी भोंगा न वाजताच पाणी सुटलं आणि वाडीत काम करणारी सात माणसं वाहून गेली.

वाघमोडे चौकशीत म्हणाले, ‘भोंगा नादुरुस्त आहे, पात्रात माणसं दिसताहेत, चाचणी पुढे ढकला, असं मी साहेबांना फोनवर सांगितलं. साहेब म्हणाले, दवंडी दिलेली आहे, दरवाजे उघडा.’ बाबा म्हणाले, ‘फोन आला होता. तो पाहुण्यांच्या जेवणाबद्दल होता.’ फोन झाल्याची नोंद होती, त्यात काय बोलणं झालं याची नव्हती. सगळ्यांनी बाबांवर विश्वास ठेवला. वाघमोडेंची नोकरी गेली आणि त्यांना तुरुंगवास झाला.

मृदुला तेव्हा कॉलेजात होती. बाबांनी तिला एकदाच सांगितलं होतं, ‘माणूस वाईट नव्हता. घाबरला आणि माझ्यावर ढकलून मोकळा झाला.’ त्या एका वाक्यावर तिने वाघमोडेकाकांचा इतकी वर्षं मनापासून राग केला होता.

तिने प्रणाली पुन्हा सुरुवातीपासून चालवली. मग आकडे मुद्दाम विस्कटून चालवली. यंत्र चुकत असेल तर अशा वेळी वाक्य बदलतं, विरघळतं. या वाक्याचा शब्दही हलला नाही.

*

नियमाप्रमाणे वाक्यं मालकाला दाखवावी लागत. मृदुलाने ती दुसऱ्या कुणाकडे सोपवायला हवी होती. तिने तसं केलं नाही. संध्याकाळी ती टॅब घेऊन घरी गेली आणि बाबांसमोर ठेवला.

‘प्रत्येक वाक्य वाचायचं. तुमचं असेल तर हिरवं बटण, नसेल तर लाल.’

बाबांनी चष्मा लावला. दूधवाला हिरवा. भाच्याचं लग्न हिरवं. होस्टेलच्या जेवणापाशी ते थांबले, तिच्याकडे पाहून ओशाळं हसले आणि हिरवं बटण दाबलं. मग ते वाक्य आलं.

त्यांचा चेहरा बदलला नाही. मृदुला त्यांच्याकडेच बघत होती आणि पुढे कितीतरी दिवस तिला हेच आठवत राहिलं, की त्यांचा चेहरा जराही बदलला नाही.

‘हे माझं नाही,’ ते म्हणाले.

‘बाबा, नीट वाचा.’

‘वाचलं. वर्तमानपत्रात तेव्हा खूप काही छापून आलं होतं. त्यातलेच शब्द उचलून तुझ्या यंत्राने जुळवले असतील. तुझं यंत्र चुकतंय, मृदू.’ त्यांनी लाल बटण दाबलं. पुढच्या ओळीलाही लाल. मग टॅब तिच्याकडे सरकवून विचारलं, ‘जेवून जाणार ना?’

ती जेवली नाही.

*

प्रयोगशाळेच्या प्रमुख हमीदा मुजावर यांनी पडताळणीचे निकाल पाहिले आणि मृदुलाला बोलावून घेतलं.

‘बाकी सगळ्या फोनमध्ये यंत्र जवळपास अचूक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण हा एक क्रमांक बघ. एवढं गडद वाक्य, तेही गुन्ह्याची कबुली, आणि मालक म्हणतो माझं नाही. याचा अर्थ कळतो ना? निरपराध माणसाच्या फोनमधून यंत्र कबुली तयार करतंय. याहून भयंकर चूक असू शकत नाही.’

‘मग पुढे काय होणार, मॅडम?’

‘न्यायालयाला कळवावं लागेल. अंतर्लेख बंद होईल. मुलीने पळवणाऱ्याचा चेहरा पाहिलेला नाही, आपल्याकडे दुसरा पुरावाही नाही, तो सुटेल.’ मुजावर मॅडमनी तिच्याकडे निरखून पाहिलं. ‘हा स्वयंसेवक तू आणलेला आहेस. कोण आहे ते मी विचारत नाही. तो खरं बोलतोय याची तुला खात्री आहे?’

‘दोन दिवस द्या,’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा व्याख्यानाला गेलेले असताना ती घरी गेली. आई स्वयंपाकघरात बिरड्याचे वाल सोलत बसली होती. मृदुला समोर बसली आणि तीही सोलायला लागली.

‘यंत्र चुकत नाहीये,’ आई एकदम म्हणाली. मान खालीच होती.

मृदुलाचे हात थांबले.

‘चौकशी चालू होती तेव्हा रोज जेवण झालं की ते फोन घेऊन बसायचे. चौकशी अधिकाऱ्याला लिहायचे, मग मला दाखवायचे. विचारायचे, पाठवू का?’

‘आणि तू?’

‘मी म्हणायचे, पुसा.’

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. आईने एक वाल सोलला, दुसरा सोलला.

‘तुझं शेवटचं वर्ष होतं. यांची बढती अडली होती. हे तुरुंगात गेले असते तर आपलं काय झालं असतं? दोन महिने रोज हेच. त्यांनी लिहायचं, मी पुसा म्हणायचं. मग एक दिवस त्यांनी लिहिणं सोडलं. मला वाटलं, सुटलो.’

‘आई, वाघमोडेकाकांची बायको आपल्या दारात आली होती. मला आठवतंय. तू तिला पाणीसुद्धा विचारलं नाहीस.’

‘तिला घरात घेतलं असतं तर माझ्याच्याने गप्प बसवलं नसतं,’ आई म्हणाली.

मृदुला उठली. वाघमोडेंची बायको दारात उभी होती तेव्हा तीही आईशेजारीच होती आणि तिला आईचा अभिमान वाटला होता. बाबांसाठी आई कशी खंबीर उभी आहे, असं तिने तेव्हा मैत्रिणींना सांगितलं होतं. ज्या घराला ती सगळ्यांत सच्चं घर समजत आली, त्या घरात तिच्याशिवाय सगळ्यांना खरं माहीत होतं.

बाबा परतले तेव्हा ती पुढच्या खोलीत वाट बघत होती. त्यांच्या हातात व्याख्यानात मिळालेला गुच्छ होता.

‘आईने सांगितलं मला,’ ती म्हणाली.

त्यांनी गुच्छ टेबलावर ठेवला.

‘मी तुला फोन विश्वासाने दिला होता,’ ते म्हणाले. ‘ते वाक्य दिसल्यावर तू तिथेच थांबायला हवं होतंस. मुलगी म्हणून.’

‘तुम्ही तो पुसलाय या विश्वासाने दिला होता, बाबा. माझ्यावरच्या नाही.’

‘काय फरक पडतो आता?’

‘एक सांगा. मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं की यातलं काही तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. कायद्याने तुम्ही सुरक्षित होतात. हिरवं बटण दाबलं असतं तरी तुमच्या केसालाही धक्का लागला नसता. माझं काम मात्र खोटं ठरलं नसतं. त्या मुलीचा गुन्हेगार सुटला नसता. तरी लाल का दाबलंत?’

‘वाघमोडेने फोनवर भोंग्याचं सांगितलं होतं, हे मी नाकारत नाही,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘आदेश मी दिला, हेही नाही. पण ते तुझ्यासमोर म्हणायचं होतं ना. चौकशी अधिकाऱ्यासमोर एक वेळ म्हणालो असतो. तू समोर बसली होतीस.’

मृदुलाने पर्स उचलली. दारापर्यंत गेल्यावर तिला वाटलं की बाबा हाक मारतील. ते गुच्छावरचा कागद सोडवत होते.

*

विट्याच्या बसस्टँडमागे वाघमोडेंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. ते तांब्याच्या तारा गुंडाळत बसले होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. तिला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

‘मृदुला? सबनीस साहेबांची?’

‘हो काका.’

त्यांनी तिला स्टूल दिलं, चहा सांगितला. साहेब कसे आहेत, असं त्यांनी विचारलं नाही. बाबा स्वतःच्या तोंडाने काय बोलले, ते तिने एका दमात सांगून टाकलं. पडताळणीतलं काही बाहेर सांगायची तिला परवानगी नव्हती, पण घरच्या खोलीत झालेलं बोलणं तिचं होतं. आईने सांगितलेलंही तिने सांगितलं. सांगून झाल्यावर, वाघमोडे रडतील किंवा चिडतील म्हणून ती थांबली.

‘यात मला नवीन काय आहे?’ ते म्हणाले. ‘फोन मीच केला होता. साहेब काय बोलले ते मीच ऐकलं होतं. मला सगळं माहीतच होतं, बाळ. तुला आत्ता कळलं.’

ते पुन्हा तार गुंडाळू लागले.

‘रोज लिहायचे म्हणालीस?’

‘दोन महिने. आई म्हणते रोज.’

वाघमोडेंनी हातातली तार बाजूला ठेवली. हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

‘मला वाटायचं, साहेब विसरूनच गेले असतील. मोठ्या माणसांच्या डोक्यात किती गोष्टी असतात. मी आपली तशी समजूत घातली होती मनाची. आणि हे रोज लिहीत होते?’ त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. ‘इतक्यांदा लिहिलं, तर एकदा पाठवायला काय झालं होतं? माझी बायको लोकांच्या बोलण्यांनी खंगून गेली. आंबेरीच्या लोकांनी माझ्या घरावर दगड मारले. एकदा बोट पुढे गेलं असतं तर काय झालं असतं?’

शेजारचा दुकानदार डोकावून गेला. चहा आला आणि तसाच निवला.

‘तुम्ही पुन्हा न्यायालयात जा,’ मृदुला म्हणाली. ‘बाबा माझ्याशी जे बोलले ते मी शपथेवर सांगेन.’

‘बापाविरुद्ध उभी राहशील?’

‘हो.’

‘घरी कळल्यावर?’

‘कळू दे.’

परत येऊन तिने मुजावर मॅडमना सगळं सांगितलं. स्वयंसेवकाची ओळख फोडल्याबद्दल आणि वडिलांचाच फोन स्वतः तपासल्याबद्दल तिची चौकशी लागली. तिला कामावरून दूर केलं गेलं. त्या क्रमांकाचा निकाल मॅडमनी वादग्रस्त म्हणून बाजूला ठेवला आणि मुलीच्या अपहरणाचा खटला लांबणीवर पडला.

*

वाघमोडेंचा फेरविचाराचा अर्ज दाखल व्हायला सात-आठ महिने गेले. सुनावणीत मृदुलाने साक्ष दिली. आईने प्रकृतीचं कारण कळवलं आणि ती आली नाही. मग बाबा पिंजऱ्यात उभे राहिले, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, व्याख्यानाला उभे राहत तसेच ताठ.

‘तुमच्या मुलीने सांगितलेलं संभाषण झालं होतं का?’ वकिलाने विचारलं.

‘नाही.’

‘मग ती असं का सांगते आहे?’

बाबांनी मृदुलाकडे पाहिलं नाही. ‘माझी मुलगी हुशार आहे,’ ते न्यायाधीशांना म्हणाले. ‘पण ती त्या यंत्राच्या फार नादी लागली. सतत त्याच वाक्यांत राहून तिला भास व्हायला लागलेत. बाप म्हणून मला तिची काळजी वाटते. तिच्यावर उपचार व्हायला हवेत.’

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. मृदुलाने बाकाची कड घट्ट धरली. बाबा नाकारतील अशी तिने मनाची तयारी केली होती. पण आपल्याला ते वेडी ठरवतील, तेही इतक्या मायेच्या आवाजात, हे तिच्या कल्पनेतही आलं नव्हतं.

न्यायाधीशांनी निर्णय दिला नाही. दोघांपैकी एक जण शपथेवर खोटं बोलत होता, आणि ‘अंतर्लेख’वरचा आक्षेप अजून मिटला नसला तरी ते शोधायचा तोच एक मार्ग होता. बाबा सध्या वापरत असलेला फोन जप्त करून नागपूरच्या तपासनिसांकडे पाठवावा असा त्यांनी आदेश दिला. बाबांच्या वकिलाने विरोध केला, पण तो टिकला नाही.

पुढच्या तारखेला अहवाल वाचून दाखवला गेला. फोनमध्ये किरकोळ बरंच काही होतं. त्या सगळ्यात गडद वाक्य असं होतं :

‘मृदू, तू खरं सांगते आहेस.’

तपासनिसांनी लिहिलं होतं की हे वाक्य साक्षीच्या आधीच्या दिवसांत अनेकदा लिहिलं आणि पुसलं गेलं असावं.

न्यायाधीशांनी बाबांना विचारलं, ‘हे तुमचं वाक्य आहे?’

‘हो,’ बाबा म्हणाले. ‘माझं आहे.’ आणि मग त्यांनी बारा वर्षांपूर्वीच्या त्या फोनपासून सगळं सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज कुठेही अडखळला नाही.

लोकांनी नंतर मृदुलाला समजावलं. बघ, त्यांच्या मनात तुझ्याबद्दल केवढं होतं. मुजावर मॅडमही म्हणाल्या, ‘अगं, माणूस आतून तुटत होता.’ मृदुलाला ते मायेचं वाटेना. बाबांनी ते वाक्य लिहिलं, वाचलं, पुसलं आणि सकाळी शर्टाला इस्त्री करून तिला वेडी ठरवायला आले. त्यांना खरं माहीत नसतं तर एक वेळ तिने माफ केलं असतं.

बाबांच्या कबुलीने ‘अंतर्लेख’वरचा आक्षेपही गळून पडला. मुलीला पळवणाऱ्याला शिक्षा झाली. मृदुलाला कामावर परत घेतलं गेलं. बाबांवर खोट्या साक्षीचा खटला सुरू झाला आणि ते जामिनावर घरी आले. वाघमोडे निर्दोष ठरले. निकालाच्या दिवशी पत्रकारांनी त्यांना विचारलं, आता काय करणार? ते म्हणाले, दुकान उघडणार.

दोन आठवड्यांनी त्यांनी मृदुलाला फोन केला.

‘आंबेरीला जायचं म्हणतोय. तिथली माणसं टीव्ही बघतात, त्यांना कळलंच असेल. पण समोर जाऊन सांगायला पाहिजे. मला एकट्याने जमायचं नाही. तू येशील?’

ती हो म्हणाली. मग बराच विचार करून तिने इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बाबांना फोन लावला.

‘आम्ही रविवारी आंबेरीला जातोय. काका आणि मी. तुम्ही यायला हवं.’



‘येतो,’ बाबा म्हणाले. ‘फाट्यावर थांबा. मी गाडी करून येतो.’

रविवारी ते दोघं आंबेरी फाट्यावर उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी थांबले. गाड्या येत होत्या, जात होत्या. वाघमोडे रस्त्याकडे बघत नव्हते, मृदुला बघत होती. ऊन चढलं तेव्हा तिने फोन लावला. फोन बंद होता.

‘चल,’ वाघमोडे म्हणाले. ‘उशीर नको.’

गावात शिरल्यावर पहिलंच घर ताराबाई खोतांचं होतं. त्यांचा मुलगा आणि सून त्या दिवशी कलिंगडाच्या वाडीत होते. म्हातारी अंगणात बाजल्यावर बसली होती. तिने वाघमोडेंना लगेच ओळखलं. ज्यांच्या घरावर दगड मारायला ती स्वतः गेली होती, त्यांना बघून ती उठून उभी राहिली.

‘टीव्हीवर सांगत होते, तुमचा दोष न्हाई म्हणून,’ ती म्हणाली. ‘खरं हाय?’

‘खरं आहे, मावशी,’ वाघमोडे म्हणाले.

‘मग कुणाचा?’

वाघमोडेंनी मान खाली घातली. त्यांना ते नाव घेता येत होतं, पण मृदुला शेजारी उभी होती.

‘माझ्या वडिलांचा,’ मृदुला म्हणाली. ‘काकांनी त्यांना सांगितलं होतं की पात्रात माणसं आहेत. तरी त्यांनी पाणी सोडायला लावलं. आणि मग काकांवर ढकललं.’

म्हातारी तिच्याजवळ आली. तिने मृदुलाचा चेहरा खालपासून वरपर्यंत पाहिला, जणू त्यात दुसऱ्या कुणाचा चेहरा शोधत होती. शेजारपाजारची माणसं अंगणाच्या कडेला जमली होती.

‘आन् त्यो का न्हाई आला?’ तिने विचारलं.

मृदुलाने मागे वळून फाट्याच्या रस्त्याकडे पाहिलं.

‘येतो म्हणाले होते,’ ती म्हणाली.